तूस, काच आणि चिक्की : लोणावळा लोकलने मावळात

लोणावळ्याला जाणारी बहुतेक माणसं मावळ गाडीच्या काचेतूनच बघतात. द्रुतगती मार्गाने गेलं तर तेवढंही नाही. बोगदे, जाहिरातींचे फलक आणि मधूनच डोकावणारा लोहगड. मला या खेपेस धबधबे बघायचे नव्हते. मार्गशीर्ष लागला होता, भातं झोडून झाली होती आणि मला बघायचं होतं ते मावळातलं टाकाऊ : गिरणीतलं तूस, फुटकी काच, हॉटेलांचं खरकटं, चिक्कीवरचा चकचकीत कागद. यातल्या प्रत्येक वस्तूवर कुणी ना कुणी संशोधकाने डोकं खपवलेलं आहे, काहींनी इथेच, काहींनी पुण्या-मुंबईत. त्या डोकं खपवण्यातलं जमिनीवर काय उतरलं, हे बघायला लोकलइतकं सोयीचं वाहन नाही. १९७८ साली सुरू झालेली ही पुणे-लोणावळा लोकल चौसष्ट किलोमीटरच्या वाटेवर सगळीकडे थांबते. उतरावं, हिंडावं, पुढची पकडावी. दुपारी मात्र वेळापत्रक विचारूनच उतरा. गाड्यांमधलं अंतर तेव्हा वाढतं आणि फलाटावर सावली कमी असते.

पहिला मुक्काम तळेगाव दाभाडे. सेनापती दाभाड्यांचं गाव म्हणून इतिहासवाल्यांना ठाऊक, औद्योगिक वसाहतीमुळे नोकरदारांना ठाऊक. मला ते आवडतं ते १९०८ सालच्या एका कारखान्यासाठी. अंताजी दामोदर काळे या गृहस्थांनी एक कल्पना काढली होती : दरमाणशी वर्षाला एक पैसा द्यायचा आणि त्यातून देशी उद्योग उभे करायचे. तेव्हा रुपयाचे चौसष्ट पैसे होत, म्हणजे लाख माणसांनी दिला तर जमणार जेमतेम दीड हजार रुपये. हिशेब मांडला की कल्पना वेडगळ वाटते. पण काळे गावोगाव फिरले, लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली आणि त्या पैसा फंडातून तळेगावात काचेचा कारखाना निघाला. त्याच वर्षी जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला जावं लागलं. कारखाना मात्र चालला.

चालवायला माणूस कोण आणला, तर ईश्वरदास वार्ष्णेय. संयुक्त प्रांतातला हा तरुण जपानला जाऊन आला होता आणि अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतही शिकला होता. (आज ज्या एमआयटीचं नाव घेऊन आपल्याकडे घरोघरी मुलांना अभ्यासाला बसवतात, तिथे गेलेला पहिला भारतीय विद्यार्थी पुण्याचाच होता, केशव मल्हार भट, १८८२ साली.) तळेगावचा कारखाना नुसता काच बनवत नव्हता, काच बनवणारी माणसंही बनवत होता. इथे हात बसलेली माणसं देशभरच्या काचकारखान्यांत गेली. वार्ष्णेय स्वतः पुढे बहजोईला जाऊन तिथल्या यू. पी. ग्लास वर्क्सचे संस्थापक झाले. १९१६ साली कराडजवळ ओगल्यांचा कारखाना निघाला आणि प्रभाकर कंदील महाराष्ट्राच्या घराघरांत टांगला गेला. मराठी माणूस उद्योगात मागे, असं म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. तळेगावला उतरल्यावर ते वाक्य मला जरा जपून वापरावंसं वाटतं.

आता टाकाऊचा विषय. काचेचा धंदा मुळातच आपली फूटतूट आपणच खाणारा. वाळू, सोडा आणि चुनखडी भट्टीत घालून दीड हजार अंशांच्या आसपास तापवली की काच होते. नुसती वाळू वितळायची तर आणखी दोनेकशे अंश लागतील. सोडा ते तापमान खाली आणतो आणि चुना काचेला पाण्यात विरघळू न देता टिकाऊ करतो. पण या मिश्रणात फुटकी काच घातली तर ती आधी वितळते आणि बाकीच्यांना ओढून घेते. फुटक्या काचेचं प्रमाण दर दहा टक्क्यांनी वाढवलं की भट्टीचं इंधन अडीच ते तीन टक्के वाचतं. शिवाय सोडा आणि चुनखडीतून जो कार्बन डायऑक्साइड निघतो तोही तितका कमी. एक टन भंगार काच साधारण एक टन दोनशे किलो कच्चा माल वाचवते.

यात एकच मेख आहे. ती काच स्वच्छ हवी, रंगवार वेगळी केलेली हवी. कपबशीचा एक तुकडा आत गेला तरी तो वितळत नाही, बाटलीच्या अंगात खड्यासारखा राहतो आणि तिथे ती फुटते. म्हणजे भट्टीचं सगळं शास्त्र शेवटी कचरा वेचणाऱ्या बाईच्या बोटांवर येऊन थांबतं. पुण्यात या बायकांनी १९९३ साली आपली संघटना बांधली, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. कचऱ्याच्या परिसंवादांत यंत्रांची चित्रं पडद्यावर दाखवतात. या बायकांना व्यासपीठावर बसवलं तर यंत्रवाल्यांचाच वेळ वाचेल असं माझं मत आहे.

तळेगावनंतर गाडी रिकामी होते आणि दोन्ही बाजूंना खाचरं सुरू होतात. वडगाव मावळ इतिहासाच्या पुस्तकात १७७९ च्या तहासाठी आहे : मराठ्यांनी इंग्रज फौजेला इथे शरण आणलं. मला जायचं होतं ते भात संशोधन केंद्राच्या बाजूला. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या या केंद्राने १९८७ साली दिलेला तांदूळ म्हणजे इंद्रायणी. आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांचा हा संकर. आंबेमोहोराला वास होता, चव होती, पण रोप उंच, पाऊस-वाऱ्यात आडवं पडायचं आणि उतारा कमी. आयआर ८ फिलिपिन्समधला बुटका, भरपूर पिकणारा, चवीला मात्र बेताचा. दोघांचं लग्न लावून मऊ, आसट, सुवासिक आणि उभा राहणारा भात निघाला. पुण्यात रस्त्याकडेला पोती मांडून ‘मावळचा ओरिजनल इंद्रायणी’ विकणारे शेकड्याने दिसतात. ते सगळं पीक मावळात मावेल का, ही शंका मी दर वर्षी घेतो आणि दर वर्षी तांदूळ घेतो.

बुटक्या जातीचा एक फायदा सहसा कुणी बोलून दाखवत नाही. जुन्या उंच भातात रोपाच्या एकूण वजनातला तिसरा हिस्सा जेमतेम दाण्यात उतरायचा, बाकी पेंढा. नव्या जातींत जवळपास निम्मं वजन दाण्यात येतं. कारखान्याच्या भाषेत सांगायचं तर माल वाढला आणि उपउत्पादन घटलं. पण ज्याच्या दावणीला जनावरं आहेत त्याला पेंढा हा टाकाऊ कधीच नव्हता. बांधावरच्या एका आजोबांनी मला हेच सुनावलं, “दाना वाढला ह्ये खरं. पर बैलाला दाना घालायचा काय?” संशोधनाच्या अहवालात हा रकाना नसतो.

भाताच्याच उरल्यासुरल्याला शेतात परत कामाला लावणारं एक संशोधन मात्र सह्याद्रीच्या पट्ट्यात पोचलं. डॉ. ना. कृ. सावंत यांची चारसूत्री भातलागवड. पहिलं सूत्र भाताच्या अवशेषांचं : गिरणीतल्या तुसाची काळी राख रोपवाटिकेत चौरस मीटरला अर्धा ते एक किलो मिसळायची आणि पेंढा नांगरटीत गाडायचा. राखेतून रोपाला सिलिका मिळते, खोड ताठ होतं, किडीला चावायला जड जातं. मावळात आणि कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राब भाजतात. म्हणजे झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, शेण असं वाफ्यावर पसरून जाळायचं. त्यासाठी दर उन्हाळ्यात झाडं बोडकी होतात. तुसाची राख त्या कामातला बराच भाग फांद्या न तोडता करते. दुसरं सूत्र गिरीपुष्पाच्या पाल्याचं. तिसरं रोपांच्या नेमक्या अंतराचं, आणि चौथं मला सगळ्यात हुशारीचं वाटतं : युरिया आणि डीएपी यांची दाबून केलेली गोळी चार चुडांच्या मधोमध सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचायची. खाचरात फेकलेला युरिया पाण्याबरोबर वाहतो, हवेत उडतो; चिखलात खोल बसलेली गोळी मुळांना हळूहळू मिळते.

हिशेब बघा. अंतर नेमकं ठेवलं तर हेक्टरी ६२,५०० जागा होतात, एक गोळी २.७ ग्रॅमची, म्हणजे हेक्टरी १७० किलोच्या आत खत. आणि या गोळ्या करणारं यंत्र छोटं, गावात बसवता येणारं, दोन माणसांना मोसमात काम देणारं. नांगराच्या फाळापासून गावात लोहाराचं दुकान चालायचं तसं हे खताच्या गोळीचं दुकान. मग ते गावोगाव का नाही दिसत? कारण गोळी हाताने खोचावी लागते, वाकून, चिखलात, आणि लावणीच्या दिवसांत मावळात मजूर मिळत नाही. बायका औद्योगिक वसाहतीत डबे भरायला, पॅकिंगला गेल्या आहेत. तिथे पंखा असतो. गोळी करण्याचं यंत्र झालं. ती सोसेल त्या किमतीत, गुडघाभर चिखलात सरळ रेषेत खोचणारं अवजार अजून शेतकऱ्याच्या हाती पडायचं आहे.

कामशेतला उतरलो तेव्हा फलाटावरच नव्या भाताचा वास होता. इथून एकीकडे नाणे मावळ, दुसरीकडे पवन मावळ. बाजार मोठा, आणि आजूबाजूच्या भातगिरण्या दिवाळीनंतर रात्री उशिरापर्यंत चालतात. अशाच एका गिरणीत मी शिरलो. आत धूळ इतकी की ट्यूबलाइटभोवती वलय दिसत होतं. मालक तोंडाला उपरणं बांधून हलरपाशी उभे.

“तुसाचं काय करता, दादा?”

“करायचं काय, गिऱ्हाईक येतंय की. भट्टीवाले नेत्यात टेम्पो लावून.”

“आणि पावसाळ्यात?”

“पावसात भट्टीच नाय तर तूस कोन नेनार! तवा आमच्यात बी भात नस्तंय. बराबर बसतंय.”

या ‘बराबर बसतंय’मध्ये एक अख्खा धडा आहे. मावळातल्या वीटभट्ट्या दिवाळीनंतर लागतात आणि वळवाच्या आधी संपतात. भातगिरणीचा मोसमही तोच. तूस निघतं त्याच महिन्यांत ते जाळणारा हजर असतो, आणि तोही टेम्पोच्या एका फेरीच्या अंतरावर. कुणी आराखडा केला नाही, कुणी अनुदान दिलं नाही, तरी टाकाऊचा प्रश्न सुटलेला. अंतर आणि मोसम ही दोन गणितं जुळली की बाकी आपसूक होतं.

अंतर महत्त्वाचं का, तर तूस हलकं असतं म्हणून. शंभर किलो भात भरडलं की वीस किलोच्या आसपास तूस निघतं, पण एक घनमीटर जागेत ते भरतं कसंबसं शंभर-सव्वाशे किलो. टेम्पो काठोकाठ भरला तरी एक टन होत नाही. डिझेल मात्र पूर्ण लागतं. किलोमागे तीन-साडेतीन हजार किलोकॅलरी उष्णता असलेलं हे इंधन लांब न्यायला परवडत नाही. यावर उपाय म्हणून तुसाचे किंवा भुश्शाचे दाबून ठोकळे करतात, व्यापारात त्याला व्हाइट कोल म्हणतात. राजकोटकडून त्याची यंत्रं येतात. दाबला की तोच माल पाच-सहा पट कमी जागेत बसतो आणि कारखान्यांच्या बॉयलरपर्यंत जाऊ शकतो.

तूस दाबणं मात्र भुस्सा दाबण्याइतकं सोपं नाही. तुसात पाचवा हिस्सा राख आणि त्या राखेत बहुतांश सिलिका, म्हणजे वाळूचीच सख्खी बहीण. ती लोखंड घासून काढते. स्क्रू-प्रेसचा स्क्रू झिजतो, त्यावर कठीण धातूचा थर वेल्डिंगने पुन्हा पुन्हा चढवावा लागतो. दुसरी अट ओलाव्याची : दहा-बारा टक्क्यांच्या वर ओल असेल तर ठोकळा यंत्रातून निघतानाच वाफेने फुटतो. मावळच्या हवेत हिवाळा-उन्हाळ्यात ते जमतं. जूननंतर उघड्यावर ठेवलेलं तूस म्हणजे बुरशीचा गादीकारखाना.

आणि राख? तिचं शास्त्र सगळ्यात मजेशीर. तूस सातशे अंशांच्या आत, सावकाश जाळलं तर राखेतली सिलिका स्फटिक न बनता सैल राहते. अशी बारीक दळलेली राख चुन्याशी संयोग पावते आणि सिमेंटचा काही भाग वाचवते. काँक्रीटमध्ये ती घालण्यावर जगभर काम झालेलं आहे. तेच तूस वीटभट्टीत नऊशे अंशांवर जळालं की सिलिका स्फटिक होते, सिमेंटच्या कामी फारशी येत नाही, आणि तिची धूळ फुप्फुसाला वाईट. शंभर क्विंटल भातामागे चार क्विंटल राख, तीही एक तर मोलाची नाही तर उपद्रवाची, हे ठरतं केवळ भट्टीच्या तापमानावर. एक तापमापक आणि हवा बेताने सोडणारी झडप एवढ्याचा हा प्रश्न आहे. गिरणीमालकांना मी हे सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, “भट्टीवाल्याला इटा पायजेत, राख कशाला?” त्यांचं बरोबर होतं. राखेला गिऱ्हाईक नाही तोवर तापमापक कोण विकत घेणार?

कोंड्याची गोष्टही अशीच अर्ध्यावर आहे. जुन्या हलरमध्ये तूस आणि कोंडा एकत्र दळले जातात आणि सगळं गुरांच्या खाद्यात. रबर रोलच्या नव्या गिरणीत दोन्ही वेगळे निघतात, कणीही कमी पडते. कोंड्यात पंधरा ते वीस टक्के तेल असतं. पण त्यातलाच एक विकर दाणा सडल्याबरोबर तेलावर हल्ला चढवतो, काही तासांत ते खवट व्हायला लागतं. लगेच उष्णता देऊन कोंडा स्थिर केला तरच तेलगिरणीला उपयोग. मोठ्या गिरण्यांना हे जमतं. दिवसाला दहा-वीस पोती भरडणाऱ्या मावळातल्या गिरणीसाठी तितकंच छोटं उष्णतायंत्र मी तरी गिरणीत बसवलेलं पाहिलं नाही. तोवर म्हशी चैन करोत.

मळवलीला उतरायचं ते कार्ले आणि भाजे लेण्यांसाठी. विषयांतर वाटेल, पण कार्ल्याच्या चैत्यात मान वर करून दगडी छताला जडवलेल्या लाकडी फासळ्या बघा. दोन हजार वर्षांचं मूळ लाकूड अजून जागेवर आहे. बाहेरच्या शिलालेखांत दाते म्हणून राजे आणि शेठ आहेतच, पण धेनुकाकट या गावचा एक सुतार आणि एक सुगंधी द्रव्यं विकणाराही आहे. लघुउद्योजकांचं नाव कोरून ठेवण्याची ती रीत आपण पुढे का सोडली कोण जाणे. भाज्याच्या लेण्यांतली पाण्याची टाकी बघितली की पावसाचं पाणी साठवण्यावरची आजची व्याख्यानं जरा पातळ वाटतात.

लोणावळा. स्टेशनाबाहेर पडल्यापासून चिक्कीची दुकानं. त्याआधी वळवण धरणाकडे पाय वळवतो, कारण या गावात टाकाऊचा सगळ्यात मोठा फेरवापर पाण्याचा झाला आहे आणि पर्यटकांना तो दिसत नाही. टाटांनी लोणावळा, वळवण आणि शिरवता इथे धरणं बांधली आणि १९१५ साली खाली खोपोलीच्या वीजघरात सुमारे पाचशे मीटरवरून पाणी सोडून मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली. वीज देऊन झाल्यावर ते पाणी संपत नाही. ते पाताळगंगेत जातं, उन्हाळ्यातही नदी वाहती ठेवतं आणि खालच्या औद्योगिक पट्ट्याला पाणी पुरवतं. अर्थात पूर्वेकडे भीमेच्या खोऱ्यात जाणारं पाणी पश्चिमेला वळलं, याचा हिशेब घाटावरचे लोक अजून मांडतात. टाटांच्याच मुळशी धरणासाठी जमिनी गेल्या आणि १९२१ पासून सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, हेही या विजेच्या खात्यावर लिहिलेलं आहे. लोणावळ्यातच १९४५ पासून नौदलाची आयएनएस शिवाजी ही अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्था आहे. समुद्रापासून इतक्या उंचीवर जहाजाची इंजिनं शिकवतात हे ऐकून मला नेहमी गंमत वाटते.

गावाचा खरा कस लागतो तो शनिवारी-रविवारी. २०२१ च्या स्वच्छ सर्वेक्षणात लाखाच्या आतल्या शहरांत देशात विटा पहिलं, लोणावळा दुसरं आणि सासवड तिसरं आलं, तिन्ही महाराष्ट्रातली. पर्यटनाच्या गावाने दुसरा नंबर काढणं ही साधी गोष्ट नाही. कारण इथला कचरा स्थानिक लोकसंख्येच्या प्रमाणात येत नाही, गाड्यांच्या प्रमाणात येतो.

एका हॉटेलच्या मागच्या अंगणात बंद पडलेलं बायोगॅस संयंत्र बघितलं. झाकणावर कुंडी ठेवलेली. आचारी म्हणाले, “पहिल्या सहा महिन्यांत झकास जळत होतं, मग वास यायला लागला.” बिघाड यंत्रात नव्हता, वेळापत्रकात होता. खरकट्यावर आधी आम्ल करणारे जीवाणू काम करतात आणि मग मिथेन करणारे. पहिले झपाट्याने वाढतात, दुसरे सावकाश. रविवारी रात्री आठवड्याचा निम्मा कचरा एकदम ओतला की आम्ल साचतं, मिथेनवाले मरगळतात, टाकी आंबते. बुधवारी उलट, त्यांना उपाशी ठेवलं जातं. ज्या स्वयंपाकघरात रोज तेवढीच माणसं जेवतात तिथे हेच यंत्र वर्षानुवर्षं चालतं.

या यंत्राचा वंश पुण्याजवळचाच आहे. डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती, म्हणजे ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट, या संस्थेने पाण्याच्या एका प्लॅस्टिक टाकीत दुसरी उलटी बसवून घरगुती संयंत्र केलं. शेणाऐवजी पिष्टमय खरकटं वापरलं तर दोन किलोत दिवसभरात तेवढा मिथेन मिळतो, जेवढा शेणापासून मिळवायला चाळीस किलो शेण आणि चाळीस दिवस लागतात, असं त्यांनी दाखवलं. यासाठी संस्थेला २००६ साली ॲशडेन पुरस्कार मिळाला. त्याआधी २००२ साली उसाच्या पाचटापासून कोळसा करण्यासाठीही मिळाला होता. मोठ्या प्रमाणावर काम करायचं तर भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेलं ‘निसर्गऋण’ आहे. त्यात पहिल्या टाकीत गरम पाणी आणि हवा देऊन कचऱ्याचा पातळ रस करतात आणि मगच तो हवाबंद टाकीत सोडतात. लोणावळ्यासारख्याच गर्दीच्या माथेरानला असं संयंत्र बसवलं गेलं. लोणावळ्यातल्या हॉटेलांनी एकत्र येऊन रविवारचं खरकटं साठवणाऱ्या, आंबू न देता आठवडाभर थोडं थोडं सोडणाऱ्या एका मधल्या टाकीचा विचार करावा. नवी शोधयात्रा लागत नाही, मापून बांधलेली टाकी आणि एक पंप लागतो. कंपोस्टचं सांगू नका. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे उघडा ढीग म्हणजे ओढा.

शेवटी चिक्की. बोरघाटाचा रेल्वेमार्ग १८६३ साली पुरा झाला, त्या कामावरच्या मजुरांना गुडदाणी विकण्यातून हा धंदा उभा राहिला असं इथे सांगतात. कष्टाच्या माणसाला स्वस्तात ताकद, हा तिचा मूळ हेतू. धंदा तसा काटकसरीचा. शेंगदाण्याची टरफलं जळणाला, लाल फोलपटं खताला, वडीच्या कडा कापताना पडलेला चुरा पुन्हा पिशवीत भरून निम्म्या भावात. तोच चुरा मला वडीपेक्षा आवडतो. इथे वाया जाणारं काहीच नाही, वेष्टन सोडून.

वेष्टनालाही कारण आहे. गूळ हवेतलं पाणी ओढतो. लोणावळ्याच्या आषाढात उघडी चिक्की काही तासांत चिकट होते. साधा कागद बाष्प अडवू शकत नाही, म्हणून दोन प्लॅस्टिकच्या मध्ये ॲल्युमिनियमचा अतिसूक्ष्म थर असलेला कागद वापरतात. बाष्प अडवण्यात तो अव्वल, पण वितळवून वेगळा करण्यात शून्य, म्हणून भंगारवाला त्याला हात लावत नाही. २०१८ साली राज्याने प्लॅस्टिकबंदी आणली आणि पिशव्या बऱ्याच हटल्या. ही पाकिटं राहिली. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रा. आर. वासुदेवन यांनी दाखवलेली वाट इथे लागू पडते : अशा कागदाचे दोन-चार मिलिमीटरचे तुकडे करून ते सुमारे १६० अंशांना तापलेल्या खडीवर टाकायचे, खडीवर त्यांचा लेप बसतो आणि वर डांबर घातलं की रस्ता पावसाला जास्त टिकतो. डांबरही आठेक टक्के वाचतं. ज्या गावाला दर पावसाळ्यानंतर रस्ते नव्याने करावे लागतात त्याच गावात ही पाकिटं ढिगाने पडतात. वीटभट्टी आणि तुसासारखाच हा जोड आहे, फक्त इथे टेम्पो लावणारा गिऱ्हाईक अजून पुढे आलेला नाही.

तळेगाव ते लोणावळा या पट्ट्यात अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. दर वर्षी शेवटच्या वर्षाची मुलं प्रकल्प करतात, तो छापून, बांधून कपाटात जातो. त्यांच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे : एका वर्षासाठी विषय इंटरनेटवरून निवडू देऊ नका. मुलांना लोकलचा पास काढून द्या आणि कामशेतच्या गिरणीत, चिक्कीच्या भटारखान्यात, हॉटेलच्या मागच्या दारी पाठवा. कोंडा तापवणारं छोटं यंत्र, चिखलात गोळी खोचणारं अवजार, तुसाच्या भट्टीची झडप, खरकट्याची मधली टाकी. चार गटांना पुरतील एवढे विषय एका दिवसात मिळतील. तुम्हाला स्वतःला हे बघायला जायचं असेल तर दिवाळी ते संक्रांत या काळात जा. त्यानंतर गिरण्या थंडावतात आणि पावसाळ्यात तर त्यांना कुलूप असतं.